पहिलीतल्या मुलाची पहिली भाषा : शालेय शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि प्राथमिक शाळेत कोणती भाषा पहिली, कोणती दुसरी, कोणती तिसरी हे ठरवणाऱ्या सगळ्या समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मेळघाटात माझी नेमणूक झाली, त्या पहिल्याच पावसाळ्यात मी पहिलीच्या वर्गासमोर वाघाचं चित्र धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मागच्या रांगेतला एक मुलगा उभाच राहिला आणि आनंदानं ओरडला, "कुला! कुला!" बाकीची पोरंही त्याच्यामागून ओरडायला लागली. मी वऱ्हाडातला माणूस. कुला म्हणजे शरीराचा कोणता भाग हे मला लहानपणापासून ठाऊक. मला वाटलं, नव्या मास्तरची चेष्टा चालली आहे. त्या मुलाला मी दाराशी उभं केलं.

कोरकू भाषेत कुला म्हणजे वाघ. हे मला दुपारी खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी सांगितलं, तेही हसू आवरत. व्याघ्रप्रकल्पाच्या कुशीतल्या गावातलं ते पोर. त्यानं वाघ बरोबर ओळखला होता, वर्गात सगळ्यांच्या आधी ओळखला होता, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. मी दुसऱ्या दिवशी त्याला जवळ घेतलं, पण तो दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडून बोलला नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी गेला आणि होळीला परत आला. माझ्या हजेरीपटात तो "शाळाबाह्य होण्याची शक्यता असलेला" म्हणून नोंदला गेला. कारणाच्या रकान्यात मी "स्थलांतर" लिहिलं.

हे पत्र त्या रकान्यांबद्दल आहे. विशेषतः एका रकान्याबद्दल.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मातृभाषेचा रकाना असतो. टीसीवरही तो उतरतो. मी रुजू झालो तेव्हा माझ्या शाळेच्या रजिस्टरात पानामागून पान त्या रकान्यात "मराठी" लिहिलेलं होतं, मधूनमधून "हिंदी". मीही तीन वर्षं तेच लिहीत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. वरच्या ओळीत जे असतं तेच खालच्या ओळीत उतरतं, आमच्या खात्यातली ही जुनी रीत आहे. वर्गात मात्र तेव्हा सोळा मुलं कोरकू घरातली होती, पाच गवळ्यांची, दोन हिंदी बोलणाऱ्या दुकानदारांची. मराठी घरातलं मूल एकही नव्हतं. मराठी बोलणारा वर्गात एकटा मीच, आणि माझीसुद्धा पुस्तकातली मराठी नव्हे. "काय करून राह्यला बे?" ही माझी मराठी. माझ्या लहानपणी गुरुजींनी माझ्या "माह्यं"चं "माझं" करायला दोन वर्षं घालवली होती. ते सगळं विसरून मी इथे येऊन तेच करत होतो, फरक एवढाच की माझं "माह्यं" निदान मराठी तरी होतं.

गेल्या वर्षी राज्यात भाषेवरून रण पेटलं. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय आला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला, "अनिवार्य" गेलं आणि "सर्वसाधारणपणे" आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. मी हे सगळं मोबाइलवर वाचत होतो. मराठीच्या बाजूनं बोलणाऱ्यांशी मी सहमत होतो, आजही आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये हे सांगायला भाषातज्ज्ञ लागत नाही. पण त्या सगळ्या गदारोळात मराठी पहिली, इंग्रजी दुसरी, हिंदी तिसरी असं मोजताना माझ्या वर्गाला कोणता क्रमांक लावायचा, हे कुणी बोललंच नाही. माझ्या वर्गात मराठी हीच शाळेत आल्यावर भेटणारी नवी भाषा आहे. हिंदी धारणीच्या बाजारात कानावर पडते, मध्य प्रदेशची हद्द जवळ आहे, इंग्रजी पुस्तकात आहे. आणि घरी, रानात, मोहाची फुलं वेचताना, आजीच्या मांडीवर जी भाषा आहे तिला क्रमांकच नाही.

जूनच्या निर्णयात एक अट होती, ती वाचून मी एकटाच हसलो. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवावी, नाही तर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. माझ्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी मिळून एक्केचाळीस मुलं आहेत. इयत्तेत वीस कुठून आणू? आणि ऑनलाइनचं म्हणाल, तर रेंज मिळवायला आम्ही जिल्हा परिषदेच्या पाण्याच्या टाकीवर चढतो.

आता मुद्द्याचं. कोरकूला आपल्या कागदपत्रांत "बोलीभाषा" म्हणतात. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत "स्थानिक बोली" म्हणतात. वऱ्हाडी ही मराठीची बोली आहे, मालवणी आहे, तसं काही कोरकूचं नाही. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, संथाली आणि मुंडारीची बहीण. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, ती त्याच कुळात नोंदली गेली आहे. तिची सख्खी नात्यातली संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीनं आठव्या परिशिष्टात, म्हणजे घटनेतल्या मान्य भाषांच्या यादीत, गेली. २०११ च्या जनगणनेत देशभरात सात लाखांहून जास्त लोकांनी आपली भाषा कोरकू सांगितली. एवढ्या माणसांची भाषा शाळेच्या दारात पोचली की "बोली" होते, आणि बोली म्हटलं की शिक्षकाच्या मनात आपोआप येतं, अशुद्ध मराठी आहे, सुधारून घेऊ.

ती सुधारण्यात काय होतं याचं उदाहरण देतो. दुसरीतली मुलगी वहीत लिहिते, "बैल आली." मी लाल शाईनं फुली मारतो. पुन्हा लिहिते, "गाय आला." पुन्हा फुली. तिच्या भाषेत क्रियापद पुरुष-बाई बघून बदलत नाही. सजीव की निर्जीव एवढाच भेद ती भाषा ठेवते. म्हणजे ती मुलगी निष्काळजी नाही. तिला हा नियमच नवा आहे, आणि आम्ही तो शिकवत नाही, कारण मराठी मुलाला तो शिकवावा लागत नाही आणि पुस्तक मराठी मुलासाठी लिहिलेलं आहे. "तो बैल, ती गाय, ते वासरू" हे कोरकू मुलाला परक्या भाषेतला धडा म्हणून सावकाश, खेळात, तोंडी शिकवायला हवं. तसा एकही पाठ मला डी.एड.ला कुणी दाखवला नाही.

उलटंही आहे, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. मराठीत "आपण" आणि "आम्ही" वेगळे आहेत. समोरच्याला धरून "आपण", त्याला वगळून "आम्ही". हिंदीत हे नाही, इंग्रजीत नाही. दुकानदाराच्या हिंदी बोलणाऱ्या मुलाला मी हे समजावून थकलो. कोरकूत हा भेद आहे. वर दोघांसाठी वेगळं आणि अनेकांसाठी वेगळं असं द्विवचनही आहे, जे आपण संस्कृतच्या तासाला आठवीत-नववीत घोकलं. कोरकू पोराला "आपण-आम्ही" मी एकदा त्याच्या भाषेच्या आधारानं सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ज्याला आपण अडचण समजतो त्यात अशा तयार पायऱ्या आहेत. त्या कुठे आहेत हे शिक्षकाला माहीत पाहिजे.

गणितातही. चिंचोके मोजायचा तास होता. मी एकीला विचारलं, "किती?" ती म्हणाली, "गेल." मी म्हणालो, "कुठं गेले? आहेत की समोर." ती पुन्हा म्हणाली, "गेल." असं तीनदा झालं. गेल म्हणजे दहा. मिया, बारी, आफई करत तिनं ते बरोबर मोजले होते. कोरकूत दहाच्या पुढचा आकडा दहा नि एक, दहा नि दोन असाच जातो. अकरा, बारा, तेरा ही पाठ करायची नावं नाहीत. आपल्याला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन अशी वाचनाची रीत दिली होती आणि राज्यभर त्यावर विनोद झाले, विधिमंडळात चर्चा झाली. त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. मराठी बिघडली की नाही या वादात मी पडत नाही. पण माझ्या वर्गातली मुलं घरी अशाच रीतीनं मोजतात, आणि त्या पानावर आम्ही पोचलो तेव्हा पहिल्यांदाच पुस्तक त्यांच्या बाजूनं बोललं, एवढं मी पाहिलं आहे.

निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला पंचेचाळीस ते साठ शब्द, आणि तिसरीत किमान साठ शब्द, समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. लक्ष्य वाईट नाही. पण पडताळणीला येणारे साहेब घड्याळ लावतात, "समजून" मोजायला वेळ नसतो. माझ्या शाळेतली तिसरीतली एक मुलगी मिनिटाला सत्तर शब्द वाचते. एकही काना-मात्रा चुकत नाही. देवनागरी अक्षरं ती पटकन शिकली. वाचून झाल्यावर मी विचारलं, "गोष्टीत कोण हरवलं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग चौथीतल्या तिच्या बहिणीनं प्रश्न कोरकूत विचारला, तरी उत्तर आलं नाही. कारण प्रश्न कळला होता, गोष्टच कळली नव्हती. अहवालात ती "निपुण" आहे.

बहिणीचा उल्लेख केला, तर एक कबुलीही देतो. दोन-अडीच वर्षं मी अशा मोठ्या मुलींना दुभाषी म्हणून वापरलं. पहिलीचा धडा मी मराठीत सांगायचो, ती कोरकूत सांगायची. प्रशिक्षणात याला "समवयस्क सहकार्य" म्हणतात आणि टाळ्या पडतात. त्यात त्या मुलीचा रोजचा तास-दीड तास जातो हे तिच्या आईनं मला विचारलं तेव्हा लक्षात आलं. "ती तुमची मास्तरीण आहे का शिकायला येते, गुरुजी?" मी निरुत्तर झालो. ज्या कामाला पगारी माणूस हवा ते काम आम्ही नऊ वर्षांच्या मुलीकडून फुकट करून घेतो.

आणि पगारी माणूस गावातच आहे. अंगणवाडीची ताई कोरकू आहे. तिच्याकडे तीन वर्षं मुलं गाणी म्हणतात, भांडतात, रंग ओळखतात, सगळं कोरकूत. मग जून उजाडतो, विदर्भात शाळा उशिरा उघडते म्हणून जूनच्या अखेरीस, आणि तीच मुलं पन्नास पावलं चालून माझ्या वर्गात येतात नि मुकी होतात. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं की तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर आहे. अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एकाच पायावर. ते वाचून मला वाटलं, चला, आता ताई आणि मी एका खोलीत बसू. पण ताई महिला व बालविकास विभागाची आणि मी शालेय शिक्षण विभागाचा. मध्ये ती पन्नास पावलं आहेत. तिला रोज दोन तास पहिलीच्या वर्गात बसता यावं आणि त्याचा मोबदला मिळावा, एवढा एक आदेश दोन विभागांनी मिळून काढला, तर त्याला ना पाठ्यपुस्तक छापावं लागतं, ना समिती नेमावी लागते.

मी असंही म्हणत नाही की मेळघाटात कोरकू माध्यमाच्या शाळा काढा आणि मोकळे व्हा. माझ्या वर्गात गवळ्यांची पाच मुलं आहेत हे वर सांगितलं. सगळं कोरकूत केलं तर ती पाच मुलं मागच्या रांगेत जातील, आजवर सोळा बसली होती तिथे. आणि कोरकू आईबापही माध्यम बदला म्हणत नाहीत. एका बापानं मला स्वच्छ सांगितलं, "कोरकू तर घरीच येते. शाळेत मराठी शिकवा, दवाखान्यात, तहसिलात बोलता आलं पाहिजे." त्याचं बरोबर आहे. मला त्याच्या मुलीला मराठी शिकवायचीच आहे, चांगली शिकवायची आहे. वाद आहे तो ती कुठून सुरू करायची यावर. घरच्या भाषेच्या खांद्यावर बसवून शिकवली तर मराठी लवकर येते. खांदा काढून घेतला तर मूल खाली बसतं.

हल्ली मी काय करतो ते सांगतो, फार मोठं काही नाही. सकाळी परिपाठ झाला की एक मूल काल काय पाहिलं ते त्याच्या भाषेत सांगतं. कोरकू, गवळ्यांची, हिंदी, जी असेल ती. त्यातलं एक वाक्य मी ऐकू येईल तसं देवनागरीत फळ्यावर लिहितो. चुकलं की पोरं दुरुस्त करतात आणि त्यांना त्यात फार मजा येते. मग त्याच्या शेजारी मराठी वाक्य. वाचायला सुरुवात आपल्याच वाक्यापासून होते, त्यामुळे वाचलेलं कळतं. भिंतीवर शब्दांचे रकाने आहेत. घर, त्याच्यासमोर उरा. पाणी, त्याच्यासमोर डा. कुत्रा, सिटा. वाघासमोर कुला मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहिला आहे. शिक्षण परिषदेत एका मित्रानं विचारलं, यातून वेळ किती जातो? रोज पंचवीस मिनिटं. अभ्यासक्रम पूर्ण होतो का? मागच्या वर्षी शेवटचे दोन धडे राहिले. तोंडी परीक्षेला मुलं बोलली. हे दोन्ही मी लपवलेलं नाही.

हे काही मेळघाटाचंच नाही. नंदुरबारात पावरी आणि मावची, पालघरात वारली, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या तांड्यावर बंजारा. शहरातल्या महापालिका शाळांत तर एका बाकावर तीन राज्यं बसलेली असतात. २०११ च्या जनगणनेत लमाणी, म्हणजे बंजारा, बोलणाऱ्यांना हिंदीच्या गटात धरलं आहे. म्हणजे तांड्यावरचं मूल कागदावर हिंदीभाषक आहे आणि पहिलीत हिंदी ऐकून तेवढंच गोंधळतं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं स्वतःच गोंडी शाळा सुरू केली. लोक वाट पाहून थकले की असं करतात. दुसऱ्या राज्यांकडे बघायचं तर ओडिशानं २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांपासून प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि पुढे संख्या एकवीसवर नेली. त्यांत संथाली आहे, सौरा आहे, जुआंग आहे. या सगळ्या कोरकूच्याच नात्यातल्या. तिथेही सगळं आलबेल नाही, पुस्तकं उशिरा येतात, शिक्षक बदलतात. पण तिथल्या रकान्यात भाषेचं नाव लिहिलेलं असतं.

बदल्यांचं म्हणाल तर आम्हाला "अवघड क्षेत्र" म्हणतात आणि त्याप्रमाणे सेवा मोजतात. तीन वर्षं भरली की माणूस बदलीचा अर्ज टाकतो, मीही टाकला होता. तिसऱ्या वर्षी कुठे मला भाषा कानाला लागायला लागली होती. ज्यानं स्थानिक भाषा शिकली आहे त्याला थांबावंसं वाटेल असं काही बदली धोरणात आहे का? एखादी वेतनवाढ, एखादा गुण? धारणी आणि चिखलदरा दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे कोरकू बोलणारे डी.एड. झालेले तरुण आहेत, भरतीच्या निकालांकडे डोळे लावून बसलेले. त्यांच्या जागा मोकळ्या करून द्या, मी आनंदानं सपाटीवर जाईन.

घटनेचं कलम ३५० अ १९५६ पासून आहे, प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्याची पुरेशी सोय राज्यानं करावी म्हणून. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ "शक्य असेल तितपत" म्हणतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

एक छोटं काम मात्र तुमच्याकडूनच व्हायचं आहे. यंदा मी घरोघरी जाऊन विचारलं आणि नव्या नोंदींत मातृभाषेच्या रकान्यात कोरकू, गवळी, हिंदी, जे असेल ते लिहिलं. जुन्या नोंदी मात्र तशाच आहेत. रजिस्टरातल्या नोंदीत आपल्या अधिकारात खाडाखोड करता येत नाही, वरून मंजुरी लागते. म्हणून या पत्राबरोबर सर्व जुन्या नोंदींच्या दुरुस्तीचा अर्ज मी वरिष्ठांकडे पाठवत आहे. विहित नमुन्यात "मूळ नोंद चुकण्याचे कारण" असा रकाना आहे. त्यात मी लिहिलं आहे, "नोंद करणाऱ्याने विचारले नाही." खाली सही माझी आहे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
तालुका धारणी, जिल्हा अमरावती